तरीजवळच्या पडवीतली गणितं

आंटीनं आयुष्यात एकही गणित पाच मिनिटांत सोडवलं नाही, आणि एकही चुकवलं नाही. पहिल्या गोष्टीचा मला राग यायचा. दुसरीचा त्याहून जास्त यायचा, कारण मी गणित शिकवायचा पगार घेणारी मास्तरीण होते आणि ती सातवीत शाळा सोडलेली बाई.

आंटी माझी घरमालकीण. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीच्या अगदी काठावर तिचं चिऱ्याचं बसकं घर होतं. दारात एक लांब पडवी, पडवीपुढे माड, माडांपुढे पाणी. मी घाटावरची. गावातल्या उच्च प्राथमिक शाळेवर माझी पहिलीच नेमणूक झाली आणि खोली शोधत मी तिच्या दारात उभी राहिले, तेव्हा तिनं भाड्याचं काही विचारलं नाही. फुलाफुलांच्या झग्याला हात पुसत ती म्हणाली, "खंयची गो तू? आवशीक कोण आसा थंय बघूक? जेवलंस काय?" कुठली, आईकडे बघायला कोण आहे, जेवले का, ही तिन्ही उत्तरं दिल्यावरच मला आत घेतलं. माझं नाव तिनं पुढे चार वर्षांत एकदाही घेतलं नाही. मी 'टीचर' आणि चिडवायचं असेल तेव्हा 'घाटी टीचर'.

प्रश्न विचारायची ही सवय तिला कुठून लागली ते मला फार उशिरा समजलं. पलीकडच्या तीरावर जाणारा पूल व्हायच्या आधी तिथे 'तर' होती, म्हणजे होडीनं खाडी ओलांडायची जागा, आणि त्या तरीची होडी तिचा नवरा चालवायचा. भरतीचं पाणी जुळेपर्यंत माणसं हिच्याच पडवीत बसून राहायची. कोणाचं बाळंतपण, कोणाचं मयत, कोणाची कोर्टाची तारीख, सगळं त्या पडवीत टेकायचं, आंटीच्या हातचं पाणी प्यायचं आणि मग होडीत बसायचं. पूल झाला, होडीची तर बंद पडली, पुढे नवराही खोकल्याच्या दुखण्यानं गेला. पडवी तेवढी राहिली आणि आंटीला वाट बघणाऱ्या माणसांची सवय राहिली.

आणि मग तिथे मी गणितं घेऊन आले.

त्या जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांसाठी गणिताची एक स्पर्धा व्हायची. तासाभरात पन्नास गणितं, प्रत्येकाला चार पर्याय. वरच्या काही मुलांना निवासी शाळेत जागा मिळायची, दहावीपर्यंत राहणं-जेवणं-शिकणं सगळं तिथेच. आमच्या शाळेतून कोणी कधी बसलंच नव्हतं. मी नवी होते, अंगात उत्साह होता, आणि वर्गात मयूरी होती.

मयूरी तेव्हा सहावीत. बारीक, सावळी, बोलायची कमी. तिची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. पालकसभेला ती आली आणि माझ्यासमोर दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाली, "ह्ये बघ टीचर." काजूच्या चिकानं बोटं काळी पडली होती, कातडी सोलवटलेली. "हिचे असे होवक नको. इतक्याच." गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेला दोन एसट्या बदलून जावं लागे आणि घरात अंथरुणाला खिळलेला आजा. सातवीनंतर मयूरी घरी बसणार हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे तिच्याकडे दोनच संधी होत्या, एक सहावीत आणि एक सातवीत.

शाळा सुटल्यावर मी तिच्यासह पाच मुलांना घरी बोलवायला लागले. खोली लहान, म्हणून पडवीत बसायचं. पहिल्या दिवशी मी गणित वाचलं, 'एक काम बारा मजूर आठ दिवसांत करतात. चार दिवसांनंतर तीन मजूर काम सोडून गेले...' आणि आतून, माशांना मीठ चोळता चोळता, आवाज आला.

"खंय गेले ते?"

मी म्हटलं, "आंटी, ते गणित आहे."

"गणित आसा ता समाजला. पण तीन माणसां अर्ध्या कामार उठान जातत म्हणजे काय तरी झाला असतला मा?"

ती हात धुऊन बाहेर आली आणि मुलांत मांडी घालून बसली. एक पोरगा म्हणाला, गोव्यात गेले असतील, थंय रोज जास्त. दुसरा म्हणाला, मुकादम शिव्या घालत असेल. आंटीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, आंबे काढायचे दिवस असतील, तिघांची स्वतःची कलमं असतील. मग म्हणाली, "आता रवले ते नऊ. तेंचा बघा. बिचाऱ्यांका तिघांचा पण काम पडला." त्यानंतर मुलांनी ते गणित असं सोडवलं की जणू त्या नऊजणांना लवकर घरी सोडायचं होतं. उत्तर बरोबर आलं. तोवर दिवेलागण झाली होती.

त्या संध्याकाळी एक गणित झालं. माझ्या यादीत पंधरा होती.

मी रोज ठरवायची, उद्या आंटीला आत बसायला सांगू. रोज राहून जायचं. खरं सांगायचं तर त्या पडवीत काहीतरी होतं. पाणी चढायला लागलं की माडांच्या बुंध्यांवर त्याचा उजेड हलायचा, आणि तो बघता बघता आपण काय शिकवत होतो ते विसरायला व्हायचं. पलीकडच्या चर्चची घंटा वाजली की आंटी बोलता बोलता थांबायची, कपाळाला-छातीला हात लावायची आणि राहिलेलं वाक्य बरोब्बर त्याच शब्दापासून पुढे न्यायची. मुलं पोटावर पडून, हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. हातात पेन्सिल, पण कागद कोरा.

दोन आगगाड्या एकमेकींना सोळा सेकंदांत ओलांडतात, त्यांची लांबी काढा. आंटीला लांबीत रस नव्हता. "सोळा शेकंद म्हणजे खूप झाले. खिडकीत कोण असतला तर एकमेकांक दिसतले तरी." मग सोळा सेकंद म्हणजे किती ते बघायला दोन मुलं पडवीच्या एका टोकाकडून, तीन दुसऱ्याकडून, हात हलवत एकमेकांना ओलांडून गेली. आंटी सोळापर्यंत मोजत होती. अशी सात-आठ वेळा गेली. मला आठवतं, मीही एका गाडीत होते.

टाकी भरणारा एक नळ आणि तळाशी रिकामा करणारा दुसरा, हे गणित तिला सहन व्हायचं नाही. "खालचो नळ उघडो ठेवणारो माणूस घरात एकटो असतलो," ती म्हणायची. "दुसरा कोण आसता तर सांगता तेका." आणि उठून आत जायची.

पण ती नुसती गप्पिष्ट नव्हती. बाप मुलाच्या तिप्पट वयाचा, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर मुलगा किती वर्षांचा? मी फळ्यावर क्ष मांडला. आंटीनं फळ्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून म्हणाली, "बापाशीत नि झिलात जा अंतर आसा, ता मरासर बदलाचा नाय. आता ता झिलाच्या दोन वयांइतक्या आसा. मगे झिलाच्या एका वयाइतक्याच. म्हणजे बारा वर्सांत झिलाचा वय दुप्पट झाला. मगे तो आता बारा वर्सांचो." आणि डोळे उघडून, "बापाशीन तेका शाळेत घातल्यान काय रे?"

मी खडू हातात घेऊन उभी राहिले. मयूरी आंटीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते माझ्या क्षनं कधी आलं नव्हतं. त्या दिवसापासून मयूरीनं गणित वाचलं की ती आधी माणसं शोधायची. फार हळू जायची, पण मी कितीही वाकडं गणित दिलं तरी ती अडायची नाही. मला वाटलं, हळूहळू वेग येईल. वाटलं म्हणजे, तसं वाटून घेतलं.

होडीचं गणित स्पर्धेच्या आठवडाभर आधी आलं. नदीच्या प्रवाहाबरोबर होडी अमुक अंतर जाते, प्रवाहाविरुद्ध परत येते, एकूण वेळ किती? दरवर्षी असतंच ते.

"भरतीत की सुकतीत?" आंटीनं विचारलं. सुकती म्हणजे तिची ओहोटी.

"नदी आहे आंटी, खाडी नाही."

"आमची न्हंय म्हणा, नदी म्हणा, ती हीच," तिनं समोर हात केला. पाणी तेव्हा समुद्राकडे ओढलं जात होतं. "सुकतीबरोबर गेलो ना, मगे तो येतलो कित्याक सुकतीच्या उलटो? येडो आसा? थंय बसतलो, खातलो-पितलो, आणि पाणी फिरला की भरतीबरोबर येतलो. जाताना जितको येळ, येताना तितकोच. मधी वाट किती बघूची ता तिथीर आसा."

मग तिनं मुलांना भरतीची वेळ काढायला शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता खाडी भरलेली. अष्टमी असेल तर सहा वाजता. मुलं एकेका तिथीची पाऊणपट करत सुटली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मला ते सगळं इतकं सुंदर वाटलं की मी नुसती बसून राहिले. हे स्पर्धेत चालणार नाही, एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

स्पर्धेच्या कागदावर ते गणित आलंच. कागद काढणाऱ्यानं नदीच्या जागी खाडी घातली होती. चार पर्याय होते, चार तास, सहा तास, आठ तास, आणि शेवटचा 'दिलेली माहिती अपुरी'. आमच्या पाचही मुलांनी शेवटचा पर्याय निवडला. होडी कोणत्या तिथीला, किती वाजता सुटली ते दिलेलंच नव्हतं ना! उत्तर सहा तास होतं.

मयूरीची जागा एका गुणानं गेली.

यादी माझ्या मोबाइलवर आली तेव्हा मी शाळेत होते. तशीच घरी आले आणि पडवीत उभी राहून आंटीला नाही नाही ते बोलले. तुमच्या भरती-ओहोटीनं त्या मुलीचं वाटोळं केलं म्हटलं. हे गणित आहे, तुमची तरीची होडी नाही, म्हटलं. त्या दिवशी मीही तिथेच बसले होते, हे मात्र म्हटलं नाही. आंटी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "मयूच्या आवशीक सांगलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चची साडी नेसून, कॅलेंडरची सुरळी काखेत मारून तयार. "चल. कागद काढणाऱ्या सायबाक भेटूया." एसटीत ती किती वर्षांनी बसत होती कोण जाणे, पुढच्या सीटची दांडी तिनं वेंगुर्ल्यापर्यंत सोडली नाही.

साहेब बरे होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. आंटीनं आपली ठेवणीतली मराठी बाहेर काढली.

"साहेब, तुमची ही होडी कोणत्या तिथीला सुटली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"आजी, गणितात तिथी नसते."

"मग खाडी कशी असते?" आंटीनं सुरळी टेबलावर उलगडली आणि मराठी तिथेच संपली. "खाडी आसा तर भरती आसा, भरती आसा तर तिथी आसा. माझ्या घोवान चाळीस वर्सां होडी घातल्यान, उलट्या पाण्यात एकदाव परत येवक नाय. आज चतुर्थी. तीन वाजता पाणी भरतला. येवा माझ्यावांगडा, दाखवतंय."

साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. "मुलांना आपलंसं वाटावं म्हणून घातली हो मी खाडी," ते म्हणाले. थोडा वेळ ते कॅलेंडरवर बोट फिरवत राहिले. त्यांनी दोन तिथींची पाऊणपट करूनही पाहिली. मग म्हणाले, "तुमचं चुकीचं नाही, आजी. पण यादी वर गेली. आता माझ्या हातात काही नाही. पोरीला अजून एक वर्ष आहे ना? तिला एक सांगा. विचारलंय तेवढंच बघायचं."

परत येताना एसटीत आंटी ते वाक्य पुटपुटत होती. विचारलंय तेवढंच बघायचं. कोणी पाठ करायला दिल्यासारखी.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मुलं पुन्हा पडवीत आली. मयूरी सातवीत गेली होती. आंटी आतून बाहेर आली ती हातात गजराचं घड्याळ घेऊन. मुलांच्या मधे नेहमीसारखी बसली नाही. भिंतीशी स्टूल घेतलं, त्यावर बसली आणि घड्याळ मांडीवर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली. मयूरीनं गणित वाचलं. मिनिटभर गेलं. "झाला? फुडला."

पहिले काही दिवस मुलं गोंधळली. मजुरांचं गणित आलं तेव्हा एकानं सवयीनं विचारलं, "आंटी, ह्ये खंय गेले असतीत?"

"ता इचारलेला नाय," आंटी म्हणाली. "फुडला."

मी आत स्वयंपाक करत होते. ते ऐकलं. बाहेर जावं आणि ते घड्याळ काढून घ्यावं असं वाटलं. पण भिंतीवर मी तक्ता लावला होता, रोजची किती गणितं झाली त्याचा, आणि तो आकडा चढत होता. एका संध्याकाळी वीस, मग तीस. भरती यायची आणि जायची, कोणी मान वर करून बघत नव्हतं. मी भाजी ढवळत राहिले.

आंटी वाळत चालली होती, की मला तसं वाटत होतं, देव जाणे. मुलं गेल्यावर ती तशीच स्टुलावर बसून राहायची. एकदा मी म्हटलं, "आंटी, आज नको घड्याळ. आज एक गणित तुमच्या पद्धतीनं घेऊया." तर माझ्यावरच डाफरली. "तुका ता चेडू, आपला मयू, थंय पोचूचा होया काय नको?" मला काय हवं होतं ते तिला चांगलंच माहीत होतं.

त्या वर्षी मयूरीनं पन्नास गणितं बावन्न मिनिटांत केली. होडीचंही होतं. तिनं ते वाचलं, सोडवलं आणि पुढे गेली. तिची निवड झाली. तिची आई पेढे घेऊन आली, काळ्या बोटांनी तिनं पहिला पेढा आंटीच्या तोंडात घातला, आणि आंटी लहान मुलासारखी रडली. मीही रडले. तो आनंद खोटा नव्हता, अजूनही नाही. जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन मयूरी गेली.

निवासी शाळेतून रविवारी फोन करता यायचा. मयूरीच्या घरी फोन नव्हता, म्हणून माझा नंबर दिलेला. पहिल्या रविवारी चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिसा, सुटल्यापासून तिची आई आणि आंटी पडवीत येऊन बसल्या. आंटीनं चर्चची साडी बदलली नव्हती. दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. आई बोलली, हुंदके देत, आणि फोन आंटीकडे दिला. आंटीला कानाला कसा लावायचा ते नीट समजेना, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"मयू, बरी आसंस गो?"

"बरी आसंय आंटी. जेवान बरा आसा. चाचणीत पयली इलंय."

"पयली!" आंटीनं माझ्याकडे आणि आईकडे पाहिलं. मग जवळ सरकून बसली, तरीच्या माणसांजवळ बसायची तशीच बसली असेल. "आणि गो, तुझ्या बाजूच्या खाटीर कोण निजता? खंयचा चेडू ता? तेच्या घराकडे कोण कोण आसत? रडता काय रातचा?"

 पलीकडे मुलींच्या रांगेचा आवाज येत होता.

"ता मी इचारूक नाय, आंटी," मयूरी म्हणाली. "ठेवतंय हां. फुडला चेडू थांबलाहा."

फोन बंद झाला. मयूरीची आई डोळे पुसत होती, हसत होती. आंटीनं मोबाइल दोन्ही हातांत धरून माझ्याकडे दिला.

"बेगीन बोलला," ती म्हणाली. "येळ फुकट घालवक नाय."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी विचारून सांगेल ती. आंटीनं मान हलवली आणि पाण्याकडे बघत बसली. मी आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले आणि खूप वेळ बाहेर आले नाही. मला हवी होती अगदी तशीच मुलगी आम्ही दोघींनी मिळून तयार केली होती.